बटाटा काळा पडतो तो कुणाच्या शिवण्याने नव्हे



उन्हाळा लागला की आपल्या वस्त्यांतून आणि चाळींच्या गच्च्यांवरून वाळवणाची लगबग सुरू होते. कुरडया, पापड, सांडगे, बटाट्याचा कीस आणि वेफर्स. पूर्वी हे सारे घरापुरते होते. आता बचत गटांमुळे आपल्या कितीतरी भगिनी चार पैसे हाती यावेत म्हणून हे काम करू लागल्या आहेत. घरातली बाई स्वतःच्या नावावर बँकेत खाते उघडते, सही करायला शिकते, ही लहान गोष्ट नाही. पण या चांगल्या कामात मिठाचा खडा टाकणारा एक प्रकार आमच्या पाहण्यात आला, म्हणून कुटुंबाच्या पानावर आज बटाट्याविषयी लिहावेसे वाटले.

आम्ही ज्या गटाचा जमाखर्च लिहितो त्यात अकरा जणी आहेत. सगळ्या कामावर जाणाऱ्या. कोणी चार घरची धुणीभांडी करते, कोणी कारखान्यात पॅकिंगला आहे, कोणी झाडू खात्यात. वेळ मिळणार तो शनिवारी रात्री. म्हणून शनिवारी रात्री पंधरा किलो बटाटे सोलून किसणीवर काप पाडायचे आणि रविवारी सकाळी उकळत्या पाण्यातून काढून उन्हात घालायचे असे ठरले. काप दोन मोठ्या टोपल्यांत भरले, वर ओले फडके टाकले आणि सगळ्या झोपायला गेल्या. सकाळी फडके काढून पाहतात तर वरचे काप शाईसारखे काळे, त्याखालचे तांबूस.

मग चौकशी सुरू झाली. चौकशी बटाट्याची नव्हे, बायांची. रात्री काप पाडायला कोण कोण होते? कुणाला अडचण होती? एकोणीस वर्षांची, नुकतीच लग्न होऊन आलेली एक सून होती. तिला त्याच दिवशी कावळा शिवला होता. झाले, निकाल लागला. गटातल्या एका वयस्कर बाईने सांगितले की हिच्याच हाताने माल बाटला. तिला यापुढे वाळवणाला घ्यायचे नाही आणि पंधरा किलोचे नुकसान तिच्या बचतीतून कापायचे. पोरगी रडत घरी गेली. सासूने तिला काही विचारले नाही, उलट चार शब्द सुनावले.

आम्हाला बोलावणे आले ते एवढ्याचसाठी की ही रक्कम वहीत कुणाच्या नावे टाकायची. हिशोब लिहिणाऱ्याला एक सवय असते. खर्च टाकायचा तर व्हाउचर लागते, पुरावा लागतो. म्हणून आम्ही टोपल्या पाहिल्या आणि कापांसाठी वापरलेली बाकीची भांडीही पाहिली. एका बादलीत किसणी धुतली होती. त्या पाण्यात पंधरा-वीस काप राहून गेले होते. ते पांढरेफेक होते. ती किसणी रात्रभर त्या सुनेच्याच हातात होती. तिच्याच हातचे टोपलीतले काप काळे आणि तिच्याच हातचे बादलीतले काप पांढरे! दोष हाताचा असता तर दोन्हीकडे दिसला असता. दुसरे असे की टोपलीत वरचे काप जास्त काळे आणि दाबून बसलेले आतले कमी काळे होते. म्हणजे जिथे हवा पोचली तिथे काळेपणा पोचला आणि जिथे पाणी आडवे आले तिथे पोचला नाही. पुरावा समोर होता, फक्त कोणी पाहिला नव्हता.

आता हे का होते ते जरा नीट समजून घेऊ.

बटाट्याचा गर असंख्य बारीक पेशींचा बनलेला असतो. पेशी म्हणजे चाळीतल्या बिऱ्हाडासारखी. प्रत्येकीला भिंत आणि आत पुन्हा वेगवेगळे कप्पे. एका कप्प्यात टायरोसिन, क्लोरोजेनिक आम्ल अशी रंग नसलेली द्रव्ये साठवलेली असतात. दुसऱ्या कप्प्यात पॉलिफिनॉल ऑक्सिडेज नावाचे विकर असते. विकर म्हणजे सजीवांच्या अंगातल्या रासायनिक क्रिया घडवून आणणारे प्रथिन. आपल्या लाळेतही एक विकर असते. ते भाकरीतल्या पिठाची साखर करू लागते, म्हणून घास खूप वेळ चावला की गोड लागतो. बटाट्यातल्या या विकरात तांब्याचे अणू असतात आणि त्यांच्या जोरावर ते हवेतला प्राणवायू पकडून त्या रंगहीन द्रव्यांना जोडते.

बटाटा अखंड असतो तोवर भिंती शाबूत असतात आणि साल हवेला आत येऊ देत नाही. विळीने किंवा किसणीने कापले की भिंती फुटतात, दोन कप्प्यांतला माल एकत्र येतो आणि वरून हवा लागते. मग क्विनोन नावाची द्रव्ये तयार होतात. ती एकमेकांना चिकटत जाऊन मेलॅनिन नावाचा गडद रंग तयार होतो. सुरुवातीला गुलाबी झाक, मग तांबूस, मग तपकिरी आणि शेवटी काळसर, असा हा क्रम आहे. बटाट्यात थोडे क जीवनसत्त्व असते. ते तयार झालेल्या क्विनोनला परत पहिल्या रूपात आणते, म्हणून कापल्याबरोबर रंग बदलत नाही. ते जीवनसत्त्व खर्ची पडले की रंग चढू लागतो. किसलेला बटाटा फोडींपेक्षा लवकर काळा पडतो, कारण किसताना जास्त पेशी फुटतात.

वनस्पतीच्या दृष्टीने हे संरक्षण आहे. शेतात बटाट्याला उंदीर-किडीने जखम केली तर तिथून बुरशी व जंतू आत शिरू नयेत म्हणून ती जागा अशा द्रव्यांनी अडवली जाते. आपल्या जखमेवर खपली धरते तसेच म्हणा. वांगे कापून ठेवले की काळे पडते, सफरचंदाची फोड तांबूस होते, केळफूल साफ करताना बोटे काळी होतात, त्यामागेही हीच मंडळी आहेत. इतकेच कशाला, आपण सकाळी पितो तो चहासुद्धा! चहाची पाने मळ्यातून हिरवी येतात. कारखान्यात ती मुद्दाम चुरडतात आणि हवेवर पसरतात. याच जातीच्या विकराने ती काळपट-तांबडी होतात. तिथे काळे पडणे हाच माल.

जाता जाता एक सांगायला हवे. आपल्या कातडीचा रंग ज्याने येतो तो पदार्थही मेलॅनिनच. आपल्या कातडीतही टायरोसिनेज नावाचे, तांबे असलेले विकर असते आणि टायरोसिनपासूनच तो रंग बनतो. उन्हाच्या झळीपासून तो कातडीचे रक्षण करतो. हे ठाऊक असूनही आपल्याच वधू-वरांच्या जाहिरातींत ‘गोरी’ हा शब्द अजून छापून येतो याचे आम्हाला आश्चर्य वाटते. शिकलेली, नोकरी करणारी, धम्म जाणणारी मुलगी हवी, एवढ्यावर का भागत नाही?

असो. आपण विटाळाकडे वळू. पापडाला लाली आली, लोणच्याला बुरशी धरली, बटाटा काळा पडला, की बाईचा विटाळ आठवतो. हे ज्या रूढीतून आले त्या रूढीला बटाटा माहीत तरी होता काय? बटाटा मूळचा दक्षिण अमेरिकेतला. अँडीज पर्वतात, आजच्या पेरू-बोलिव्हियाच्या भागात, तिथल्या आदिवासी शेतकऱ्यांनी हजारो वर्षांपूर्वी तो लागवडीखाली आणला. युरोपातले लोक तिथे पोचले ते सोळाव्या शतकात, आणि पोर्तुगीजांच्या जहाजांबरोबर तो आपल्याकडे आला. बटाटा हे नावसुद्धा पोर्तुगीजांचेच आहे. ज्या फळभाजीचे नाव कोणत्या पोथीत नव्हते, तिला विटाळ चालत नाही हे कुणी ठरवले? आणि गंमत अशी की हाच परदेशी बटाटा उपवासाला चालतो!

त्या अँडीजच्या डोंगरात बटाट्याचे वाळवण आजही करतात. त्याला चुन्यो म्हणतात. रात्रीच्या कडाक्याच्या थंडीत बटाटे गोठू देतात, दिवसा उन्हात ते सैल पडले की माणसे पायांनी तुडवून त्यातले पाणी काढतात आणि मग वाळवतात. असा बटाटा काळा होतो आणि वर्षानुवर्षे टिकतो. काही ठिकाणी गोठलेले बटाटे वाहत्या पाण्यात कित्येक दिवस ठेवून मग वाळवतात, तो पांढरा होतो. पाणी आणि हवा यांचा हा खेळ तिथल्या गरीब शेतकऱ्यांनी अनुभवाने ओळखला होता. तिथे काळ्यालाही मान आहे, पांढऱ्यालाही आहे आणि दोन्ही पोटात जातात.

आम्हाला राग आला तो बटाट्यासाठी नव्हे. २० मार्च १९२७ रोजी महाडला बाबासाहेबांनी चवदार तळ्याचे पाणी ओंजळीत घेतले. त्यानंतर तिथल्या सनातन्यांनी तळे बाटले म्हणून शेण, गोमूत्र, दूध, दही यांच्या १०८ घागरी ओतून ते शुद्ध केल्याचे जाहीर केले. जनावरे त्या तळ्यावर येत होती त्याने पाणी बाटत नव्हते, आपल्या माणसांच्या स्पर्शाने मात्र बाटले. त्या स्पर्शाचा अपमान आपल्या आजोबा-पणजोबांनी सोसला. त्यांच्या नातसुना आज आपल्याच गच्चीवर बसून आपल्यातल्याच एका मुलीला म्हणतात की तुझ्या हाताने माल बाटला! शब्दसुद्धा तोच. १४ ऑक्टोबर १९५६ ला नागपूरला जे सोडले ते टोपलीखाली झाकून घरात ठेवायचे काय? ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथात बाबासाहेबांनी अलौकिकावरचा विश्वास हा अधम्म म्हणून सांगितला आहे. प्रत्येक घटनेला कारण असते आणि ते माणसाच्या कृतीत किंवा निसर्गाच्या नियमात शोधायचे असते, हा तथागतांचा मार्ग. तो मोठ्या प्रश्नांसाठी आहे तसाच काळ्या पडलेल्या बटाट्यासाठीही आहे. १९७६ च्या बेचाळिसाव्या घटनादुरुस्तीने नागरिकांची जी मूलभूत कर्तव्ये घटनेत आली, त्यांतही वैज्ञानिक दृष्टिकोन बाळगणे हे एक कर्तव्य आहे.

पाळी ही शरीराची क्रिया आहे. त्या दिवसांत बाईच्या हातातून असे काहीही बाहेर पडत नाही की ज्याने बटाटा, पापड वा लोणचे बिघडावे. हात साबणाने धुतलेले हवेत, हे खरे. पण ते सगळ्यांचेच, सगळे दिवस आणि पुरुषांचेही. तिला विश्रांती हवी असेल तर ती तिच्या सोयीने घेईल, तो भाग निराळा.

आता कामाचे बोलू. काळेपणा टाळायचा तर तीन वाटा आहेत. हवा तोडायची, विकराला आंबट किंवा खारट करून लुळे पाडायचे, नाहीतर त्याला उष्णतेने मारून टाकायचे.

हवा तोडण्याचा सोपा उपाय म्हणजे पाणी. बटाटा सोलला की टोपलीत नव्हे, पाण्यात टाकायचा. काप पाडायची किसणीच पाण्याच्या पातेल्यावर आडवी ठेवावी, म्हणजे काप थेट पाण्यात पडतो. पाण्याने हवा अडते आणि फुटलेल्या पेशींतून निघालेले विकर व रस धुऊनही जातात. काप तरंगून वर येता कामा नये. वर ताटली ठेवून तिच्यावर तांब्या ठेवावा. ओले फडके हा काही पाण्याचा पर्याय नाही. फडक्यातून हवा जाते. त्या टोपल्यांचे तेच झाले.

पाण्यात दर लिटरला दोन चमचे मीठ टाकले तर विकराचे काम आणखी मंदावते. आंबटपणाचा उपयोग त्याहून जास्त, कारण आम्लात हे विकर जवळजवळ थंड पडते. लिंबू दोन कामे करते. त्याचा आंबटपणा विकराला रोखतो आणि त्यातले क जीवनसत्त्व वर सांगितल्याप्रमाणे क्विनोनला माघारी फिरवते. एका लिटरला अर्धे लिंबू पुरते. पण उन्हाळ्यात लिंबाचे भाव आपल्याला परवडणारे नसतात. तेव्हा घरच्या चार बटाट्यांना लिंबू आणि मोठ्या कामाला किराणा दुकानातली लिंबूसत्त्वाची पूड किंवा चमचाभर व्हिनेगर घ्यावे. वेफर्सच्या पाण्यात तुरटीचा खडा दोन-चार वेळा फिरवण्याची आपल्या बायांची जुनी रीत आहे, तीही याच कारणाने लागू पडते. तुरटीचे पाणी आंबट असते आणि काप कडक राहतात. मात्र तुरटी बेताची हवी, नाहीतर वेफर्स तुरट लागतात.

खरा उपाय मात्र उष्णतेचा. पाणी आणि आंबट यांनी विकर थांबते, मरत नाही. वाळत घातल्यावर ते पुन्हा डोके वर काढते. उकळत्या पाण्यात ते कायमचे निकामी होते. इथे एक गोष्ट लक्षात ठेवावी. पाणी खळखळून उकळत असताना काप टाकायचे आणि थोडे थोडे टाकायचे. पाच किलो काप एकदम ओतले की पाणी कोमट होते, आणि कोमट पाण्यात हे विकर मरण्याऐवजी जोरात काम करते. कित्येकींचे वेफर्स पाण्यात ठेवूनही पुढे करडे पडतात ते इथेच. काप तीन-चार मिनिटांत अर्धवट शिजून काचेसारखे दिसू लागले की झाऱ्याने काढावेत, निथळावेत आणि लगेच कडक उन्हात एकेक सुटा पसरावा. ढीग करून ठेवू नये. ढगाळ दिवशी हा उद्योग करूच नये.

वस्तीत नळ तासभर येतो आणि पंधरा किलो बटाट्याला इतके पाणी आणायचे कुठून, असा प्रश्न बायांनी आम्हाला विचारला आणि तो अगदी रास्त होता. त्याला वाट आहे. वेफर्सऐवजी कीस करावा. बटाटे सालीसकट, अखंड, आतपर्यंत गरम होतील इतके उकडून घ्यावेत. गाळ होऊ देऊ नयेत. मग सोलून किसावेत. साल असताना हवा आत जात नाही आणि उकडताना विकर आतल्या आत मरते, म्हणून कीस पाण्यात ठेवण्याची गरजच पडत नाही. ज्यांना वेफर्सच करायचे आहेत त्यांनी काप धुतलेले पहिले पाणी ओतू नये. ते तासभर स्थिर ठेवले की तळाशी पांढरे सत्त्व बसते. वरचे पाणी भांडी विसळायला घ्यावे आणि सत्त्व वाळवून कपड्यांच्या खळीला वापरावे.

सोललेले बटाटे पाण्यात ठेवायचे ते तास-दोन तास. रात्रभर ठेवले तर रंग राहील, पण क जीवनसत्त्व आणि क्षार पाण्यात उतरतील आणि उन्हाळ्यात पाणीही आंबेल. शनिवारची रात्रच मोकळी असेल तर बटाटे रात्री फक्त धुऊन ठेवावेत आणि सोलणे-कापणे सकाळी करावे.

विळीबद्दलही थोडे सांगतो. लोखंडी, गंज धरलेल्या विळीने किंवा किसणीने कापले तर डाग लवकर आणि जास्त गडद पडतात, कारण बटाट्यातली ही द्रव्ये लोहाशी जुळूनही काळा-निळा रंग देतात. स्टीलची किसणी आणि धार लावलेली सुरी चांगली. बोथट सुरी पेशी चेचते आणि जास्त फोडते.

याच लोहामुळे आणखी एक प्रकार होतो. आपल्याकडे १४ एप्रिलला किंवा बुद्धपौर्णिमेला विहारात भोजनदान असते. बटाटे मोठ्या टोपात उकडून, सोलून ठेवले की तासा-दोन तासांनी काहींच्या देठाकडचा भाग करडा-निळसर होतो. आचारी म्हणतो की बटाटा सडका निघाला. तो सडका नसतो. तिथे विकराचा संबंध नाही, ते तर उकडताना मेले. बटाट्यात मुळातच असलेले लोह आणि क्लोरोजेनिक आम्ल शिजताना एकत्र येतात आणि गार होताना हवा लागून तो रंग उमटतो. त्याला उपाय आंबटाचा. बटाटे निम्मेअधिक शिजले की पाण्यात लिंबू पिळावे. सुरुवातीलाच पिळले तर बटाटे शिजायला वेळ लागतो आणि गॅस जळतो.

तळताना वेफर्स तांबडे होतात, तो प्रकार याहूनही निराळा. शीतगृहात फार थंडीत ठेवलेल्या बटाट्यात पिठाची साखर होते आणि ती साखर तेलात करपते. चवीला कडवट लागते. म्हणून वाळवणाला रब्बीचा नवा, पक्क्या सालीचा, शीतगृहात न गेलेला बटाटा पाहून घ्यावा. सिमल्याच्या केंद्रीय बटाटा संशोधन संस्थेने १९९८ साली कुफरी चिप्सोना नावाचे वाण खास वेफर्ससाठी काढले, त्यात ही साखर कमी असते. पण किरकोळ बाजारात नाव विचारून बटाटा मिळत नाही. दोन बटाटे आणून, तळून पाहावेत आणि मग पोते घ्यावे.

मोठे कारखानदार सोललेले बटाटे आणि काप पांढरे राहावेत म्हणून सल्फाइटची पूड वापरतात. ती गटांनी वापरू नये असे आमचे स्पष्ट मत आहे. दम्याच्या काही रोग्यांना तिचा त्रास होतो आणि ब-१ जीवनसत्त्व नष्ट होते. अमेरिकेत १९८६ साली कच्च्या खायच्या फळभाज्यांवर ती मारायला सरकारने बंदी घातली. उकळते पाणी असताना पूड कशाला हवी?

हवेने काळा पडलेला बटाटा विषारी नसतो. रंग आणि थोडे जीवनसत्त्व जाते एवढेच. त्याला आंबूस वास नसेल, तो बुळबुळीत नसेल, तर धुऊन भाजीत टाकावा. त्या गटाने पंधरा किलो माल विटाळाच्या भीतीने गटारात ओतला. त्यातला निम्मा तरी त्या दिवशी अकरा घरी रश्श्यात गेला असता. ज्याला खरोखर घाबरायला हवे तो हिरवा बटाटा. उजेडात राहून साल हिरवी पडली की तिथे सोलॅनिन नावाचे विषारी द्रव्य वाढते, आणि ते शिजवूनही पुरते जात नाही. थोडा हिरवा डाग व कोंब खोल कापून टाकावेत; बराच हिरवा किंवा कडू लागणारा बटाटा फेकून द्यावा. वसतिगृहात स्वस्तात पोती घेतात, तिथल्या चालकांनी याकडे विशेष लक्ष द्यावे. बटाटे अंधारात, हवेशीर ठेवावेत.

गटाच्या वहीत आम्ही ती रक्कम कुणाच्याही नावे टाकली नाही. ‘काप पाण्यात न ठेवल्यामुळे माल खराब’ असे लिहून ती सामाईक खर्चात घातली. दोघींनी सही करायला कुरकुर केली, पण बादलीतले पांढरे काप सगळ्यांनी पाहिले होते. पुढच्या रविवारी ती सून परत आली. सासू मात्र अजून फार बोलत नाही.

ज्यांना आमचे म्हणणे पटत नसेल त्यांनी पाहून घ्यावे. विहारातल्या रविवारच्या वर्गात मुलांकडून हा प्रयोग करून घेता येईल. एक बटाटा किसून त्याचे पाच सारखे भाग करा आणि पाच वाट्यांत ठेवा. पहिली तशीच ठेवा. दुसरीत कीस बुडेल इतके पाणी घाला. तिसरीत पाणी आणि लिंबू. चौथीतला कीस दोन मिनिटे उकळत्या पाण्यात घालून निथळून ठेवा. पाचवीतला कीस पहिलीसारखाच कोरडा ठेवा, पण वर्गातल्या सगळ्यांनी, बाया-पुरुष-मुले सगळ्यांनी, हात धुऊन त्याला एकदा बोट लावावे. दर दहा मिनिटांनी पाहून वहीत रंग लिहा. पहिल्या आणि पाचव्या वाटीत किती मिनिटांनी गुलाबी झाक आली, बटाटा नवा होता की जुना आणि किसणी लोखंडी होती की स्टीलची, एवढे पोस्टकार्डावर लिहून या पानाच्या पत्त्यावर पाठवा.